फॅन टी-शर्टवर नोटीस आली? ट्रेडमार्क-कॉपीराइटच्या या चुका टाळा

मोठा सिनेमा लागायचा असला की सोलापुरातही नायकाचे टी-शर्ट, पोस्टर, कधी टॉवेलसुद्धा विनापरवाना छापले जातात. नोटीस आली की छापणारा एकतर ती टोपलीत टाकतो, नाहीतर घाबरून लेखी माफी धाडतो. त्याआधी बघायचं ते हे : दावा कॉपीराइट कायदा १९५७ खाली आहे, ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली, की दोन्हींखाली? एकाचा बचाव दुसऱ्याला चालत नाही.

“नोंदणीचा कागद दाखवा”

पोस्टरचं चित्र, गाण्याचे शब्द, व्यक्तिरेखेचं रेखाटन या गोष्टी कॉपीराइटमध्ये येतात आणि त्याला नोंदणी सक्तीची नाही. तिथे हे उत्तर फुकट जातं. लोगो किंवा नावावरचा दावा असेल तर मात्र हा प्रश्न पहिला विचारायचा. नोटिशीतला अर्ज क्रमांक ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर टाका. शोध मोफत आहे. मार्क नोंदलेला आहे की अर्जच पडून आहे, दहा वर्षांची मुदत संपली का, वर्ग (कोणत्या प्रकारच्या मालासाठी नोंदणी आहे तो गट) कोणता, हे तिथे दिसतं. कपडे वर्ग २५, चादरी-टॉवेल २४, पोस्टर १६. आपला वर्ग दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, नावाजलेल्या नोंदणीकृत मार्कला ट्रेडमार्क कायद्याचं कलम २९(४) दुसऱ्या मालावरही संरक्षण देतं. आणि नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याचा, दावा होऊ शकतो.

सिनेमाच्या नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. पण तेच शीर्षक ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असू शकतं.

न चालणाऱ्या ढाली

“वीस टक्के बदल केला” असा कोणताही नियम कायद्यात नाही. खाली “सर्व हक्क मूळ मालकाचे” छापलं तर परवाना मिळत नाही, उलट हक्क दुसऱ्याचा आहे हे आपल्याला ठाऊक होतं, एवढंच सिद्ध होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा कामांना आहे; दुकानात विकायच्या टी-शर्टला ती ओढूनताणूनही बसत नाही. चित्र स्वतः हाताने काढलं असलं तरी व्यक्तिरेखा दुसऱ्याचीच राहते.

टॉवेलवाल्यांचा खास गैरसमज

डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन त्याच्या मालकाने किंवा त्याच्या परवान्याने दुसऱ्याने यंत्रावर ५० पेक्षा जास्त नगांत काढलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) नुसार त्यातला कॉपीराइट संपतो. जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणायला केलेल्या नक्षीच्या वादात हा मुद्दा खरोखर कामाचा आहे. पण पोस्टरचं चित्र टॉवेलवर छापून, “आमचे पन्नास कधीच झाले” म्हणणाऱ्याला तो वाचवत नाही. मुळात कलाकृती असलेलं चित्र आणि मालासाठी केलेली नक्षी यांत न्यायालय फरक करतं.

पोलीस दारात आले तर

कॉपीराइटमध्ये उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही कलम ६४ खाली वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. ट्रेडमार्कमध्ये कलम ११५(४) नुसार उपअधीक्षक किंवा त्याच्या तोडीचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणून कारवाई कोणत्या कलमाखाली, हे विचारा आणि पंचनाम्याची प्रत मागा. हुज्जत मात्र घालू नका. कॉपीराइट भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे; २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला.

नोटिशीनंतर लगेच

विक्री थांबवा. कॉपीराइट कायद्याचं शिक्षेचं कलम ६३ ‘जाणूनबुजून’ केलेल्या भंगाला लागतं. नोटिशीनंतरही माल विकत राहिलात तर “माहीत नव्हतं” म्हणता येणार नाही. शिल्लक नग मोजून वेगळे ठेवा. डिझाइनच्या फाइल आणि बिलं पुसू नका, तेच आपल्या बाजूचे कागद असतात. तडजोडीची रक्कम ठरवताना किती विकले हे बघितलं जातं. फाइल ग्राहकाने आणली असेल तर ऑर्डरचा मेसेज जपा, पण छापणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही. उत्तर वकिलामार्फत, दिलेल्या मुदतीत जाऊ द्या. “यापुढे करणार नाही” एवढं हमीपत्र देण्याआधी त्यात नुकसानभरपाईचा आकडा किंवा ‘सर्व आरोप मान्य’ अशी ओळ घुसवलेली नाही ना, हे वाचून घ्या.