चमचा तिरका करून बघा

आमच्या घरात मधुमेह पिढीजात आहे. आजीला होता, आईला आहे. मुलगी झाली तेव्हा बायकोला म्हटलं, वरचं अन्न सुरू झालं की तिच्या वाटीची जबाबदारी माझी. त्यातून जे जमलं, ते सांगतो.

खरी सुरुवात मात्र बाळ होण्याच्याही आधी असते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ती नीट मिटावी म्हणून फोलिक अ‍ॅसिड (ब गटातलं एक जीवनसत्त्व) रोज 400 मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवलं की लगेच, आणि पुढे पहिले 12 आठवडे. किती घ्यायचं ते डॉक्टरांना एकदा विचाराच, काहींना जास्त लागतं.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नको.

सहा महिन्यांनंतर मी चुकलो तो इथे. डाळीचं वरवरचं पाणी पाजत राहिलो, लेक खुशीत प्यायची, मीही खूश. पण तिच्या पोटात मावतं केवढंसं, आणि ते मी पाण्यानं भरत होतो! तेव्हापासून चमचा तिरका धरून बघायचो: घास ओघळून गेला तर पातळ, धरून राहिला तर बरोबर. डाळ घोटून, वर थोडं तेल किंवा तूप. जन्मताना आणलेली लोहाची शिदोरीही याच सुमारास संपत येते, म्हणून डाळ, मऊ उकडलेलं मांस, पूर्ण शिजवलेलं अंडं लवकर सुरू करा. डाळीत लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी जास्त लागतं.

साखर आणि मीठ वर्षभर तरी नाही. मध तर अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते. ‘एवढ्याशा साखरेनं काय होतं?’ हे मीही ऐकलंय. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखर रेशनवर होती, ती सप्टेंबर 1953 मध्ये खुली झाली. त्या सुमारास जन्मलेल्यांची उतारवयातली प्रकृती ताडून पाहणारा अभ्यास 2024 मध्ये आला. गर्भात आणि पहिली दोन वर्षं ज्यांच्या वाट्याला रेशनची मोजकीच साखर आली, त्यांच्यात रेशन उठल्यानंतर जन्मलेल्यांपेक्षा टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी कमी निघाला. आईला हे वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला.

नवी चव थुंकली म्हणून सोडू नका. पालक आमच्याकडे आठ वेळा भिंतीवर गेला, नवव्यांदा पोटात. जबरदस्ती करायची नाही; तोंड फिरवलं की चमचा खाली. दोन-तीन दिवसांनी तोच पालक पुन्हा पुढे करायचा.

वेगळा स्वयंपाक करत बसू नका. भाजी शिजली की बाळाचा वाटा आधी काढायचा, मग उरलेल्यात मीठ. मोठ्यांनाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमीच हवं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचादेखील नाही. एकदा घाईत मीठ घालायचंच राहिलं. आईनं दोन घास खाल्ले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘लिंबू दे.’