आभासी मंडईत मराठीचा तास कसा घ्यावा

परदेशातल्या मराठी शाळेची मुले व्हिडिओ कॉलवर बोलती होत नाहीत, कारण तिथे एका वेळी एकच जण बोलतो आणि बाकीचे ऐकल्यासारखे करतात. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वर्कॲडव्हेंचरसारख्या द्विमितीय जगात मात्र पडद्यावर आपल्या जागी फिरणारे बाहुले दुसऱ्याजवळ नेले की तेवढ्यांचाच आवाज आणि कॅमेरा सुरू होतो, त्यामुळे एकाच तासात अनेक संभाषणे शेजारी-शेजारी चालू शकतात.

अशा जगात भाजी मंडई मांडावी आणि मुलांना विक्रेते व गिऱ्हाइके करावे. मंडईचा नकाशा टाइल्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये ३२ पिक्सेलच्या चौकटींतून तयार होतो. त्याची फाइल स्वतःकडे जपून ठेवावी. मोझिलाने हब्ज ही आभासी खोल्यांची आपली सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली, तेव्हा अशा सेवांचा भरवसा किती धरावा हे कळलेच.

खरी कसोटी आवाजाची असते. भाज्यांचे गाळे भिंती घालून वेगळे करा, असा सल्ला सर्रास दिला जातो; तो देणाऱ्यांनी मुलांचा वर्ग घेतला असेल असे वाटत नाही. चित्रातली भिंत बाहुल्याला अडवते, आवाजाला नाही. संभाषण अंतरावर जुळते, म्हणून गाळे एकमेकांपासून चांगले दूर मांडावेत आणि मधली सारी वाट 'शांत क्षेत्र' म्हणून आखावी, म्हणजे तिथून जाताना कोणाशीही संभाषण जुळत नाही. बोलण्याची जागा फक्त गाळ्यापुढच्या दोन-तीन चौकटी. एवढे केले नाही, तर भेंडीचा भाव विचारणाऱ्या मुलीच्या कानात शेजारची मेथीची घासाघीस शिरते आणि ती गप्प होते. नेहमीच्या मांडणीत एका घोळक्यात चारच जण मावतात, त्यामुळे शिक्षकाने आत शिरणे म्हणजे एका मुलाची जागा अडवणे; शिवाय शिक्षक दिसले की मुले गिऱ्हाइकाला सोडून त्यांच्याकडेच बघून बोलतात. मी कुंपणापलीकडे थांबतो आणि हाक आली तरच जातो.

भाव फक्त विक्रेत्याला द्यावेत, यादी आणि दोनशे रुपयांची मर्यादा फक्त गिऱ्हाइकाला. दोघांच्या हाती एकच कागद दिला, तर ते वाचन होते, संभाषण नव्हे. 'मेथीची जुडी कशी दिली?', 'जरा कमी करा ना, काका' एवढी वाक्ये आधी घोकून घ्यावीत. भाव पाडण्याची युक्ती मुलांवर सोडावी.

शेवटची दहा मिनिटे सर्वांना बैठकीच्या क्षेत्रात, म्हणजे सगळ्यांना एकत्र बोलता येते अशा जागी, बोलवावे आणि कोणी काय कितीला आणले, हे प्रत्येकाला भूतकाळात सांगायला लावावे.