चंदनाचा रोग मातीमुळे आहे का, हे कसे ओळखावे

चंदनाची पाने पिवळी पडू लागली की औषध फवारण्याची घाई होते. परंतु झाडाभोवतीची माती आणि मुळे पाहिल्याशिवाय केलेला उपचार बहुधा वाया जातो. चंदन अर्धपरजीवी आहे. ते पानांत स्वतःचे अन्न तयार करते, मात्र पाणी आणि बरीचशी खनिजद्रव्ये शेजारच्या झाडांच्या, म्हणजे यजमानांच्या, मुळांत आपली चूषकमुळे रोवून घेते. त्यामुळे जी माती यजमान झाडाला मानवत नाही, तिचा त्रास चंदनावरही दिसतो.

पहिली पायरी म्हणजे लागवडीचा कच्चा नकाशा काढून पिवळी झाडे नेमकी कोठे आहेत ते नोंदवणे. ती सखल भागात किंवा पाणी मुरत नसलेल्या पट्ट्यात एकवटली असतील, तर संशय मातीवर घ्यावा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत लोह उपलब्ध होत नसण्याची शक्यता मोठी असते. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर नत्राची उणीव तपासावी आणि यजमान जिवंत आहे का तेही पाहावे. तूर यजमान म्हणून लावली असेल, तर ती दोन-तीन वर्षांत संपते. तोवर सुरू किंवा करंजासारखे दीर्घायुषी यजमान वाढलेले नसेल, तर चांगल्या जमिनीतही चंदन खंगते.

त्यानंतर निचरा तपासावा. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेले दिसले, तर ती जागा चंदनासाठी धोक्याची समजावी. साचलेल्या पाण्यात मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि फायटोप्थोरासारख्या मूळकूज करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे चल बीजाणू त्याच पाण्यातून पोहत नव्या मुळांपर्यंत जातात. अशा ठिकाणी चर काढून पाणी बाहेर वळवावे, नवी लागवड उंच वरंब्यावर करावी, ठिबकची तोटी खोडापासून दूर सरकवावी आणि खोडाला मातीची भर देऊ नये. हे न करता केवळ बुरशीनाशक ओतत राहणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

तिसरी पायरी मुळे पाहण्याची आहे आणि ती सर्वांत जपून करावी लागते, कारण खोदताना चूषकमुळे तुटली तर आधीच आजारी असलेल्या झाडाचा आधारच जातो. झाडाच्या एकाच बाजूला, पानांच्या घेराच्या कडेशी, हाताने माती सारून थोडी बारीक मुळे उघडी करावीत. मुळांवर गाठी दिसल्या की सूत्रकृमींचा (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) प्रादुर्भाव झाला, असा निष्कर्ष लगेच काढू नये. चूषकमूळ मुळाच्या बाजूला फुटलेले असते आणि यजमानाच्या मुळाला घट्ट चिकटते, तर सूत्रकृमीच्या गाठीत मूळ स्वतःच सुजलेले असते. साल सहज निसटणारी, मऊ, तपकिरी मुळे मूळकूज दर्शवतात.

आता मातीचे नमुने घ्यावेत. निरोगी आणि रोगट भागांतील नमुने वेगळे ठेवावेत. दोन्ही एकत्र केले तर तुलना करता येत नाही. प्रत्येक भागात अनेक ठिकाणांहून ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर थरांतील माती वेगवेगळी घ्यावी. बांध, खताच्या ढिगाची जागा आणि नुकतेच खत दिलेली आळी टाळावीत. प्रयोगशाळेकडून सामू (मातीची आम्लता किंवा विम्लता, म्हणजे पीएच), विद्युत वाहकता (यावरून क्षारांचे प्रमाण कळते), सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीचे प्रमाण मागावे. निचऱ्याची तांबडी, मुरमाड जमीन आणि ६ ते ७.५ सामू चंदनाला मानवतो.

रोपवाटिकेत रोपांची मर टाळण्यासाठी वाफ्याची माती उन्हाळ्यात ओलावून चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकने झाकावी, वाळूचे प्रमाण जास्त ठेवावे आणि पाणी बेताने द्यावे.

स्पाइक रोग मात्र माती सुधारून बरा होत नाही. त्यात पाने आखूड, अरुंद आणि ताठ होतात, पेरांमधले अंतर घटते आणि झाड सहसा एक ते तीन वर्षांत मरते. १८९९ मध्ये कोडगू भागात नोंदल्या गेलेल्या या रोगाचे कारण काही अभ्यासकांनी दीर्घकाळ माती आणि रसातील असंतुलनात शोधले. १९६९ मध्ये झाडाच्या अन्नवाहिन्यांत आज फायटोप्लाझ्मा म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्मजीव आढळले. हा रोग झाडांचा रस शोषणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. रोगट झाडाची बारीक मुळे आणि चूषकमुळेही मरतात, म्हणून केवळ मेलेली मुळे पाहून मातीला दोष देऊ नये, पानेही पाहावीत. लक्षणे जुळली, तर तज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी आणि आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे परवानगी घेऊन ते झाड लवकर काढून टाकावे.