खानदेशात गाडी घेऊन आलात? आधी टायर बघा

रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, विद्यापीठात नाहीतर एखाद्या बँकेत बदली होऊन दरवर्षी कितीतरी कुटुंबं जळगाव-भुसावळकडे येतात. मी मूळचा चिपळूणचा. नोकरीनिमित्त इकडे आलो आणि इथलाच झालो. नवीन मंडळी घरभाडं, मुलांची शाळा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, कूलर कुठला घ्यावा, हे सगळं विचारतात. गाडीच्या टायरबद्दल मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगतो. कोकणात, पुण्यात, मुंबईत जी सवय चालून जाते ती इथे मे महिन्यात अंगाशी येते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ते झालं हवेचं तापमान. भर दुपारी डांबर ६० अंशांच्या वर तापलेलं असतं, आणि टायर सतत त्याच्यावर असतो. त्यात इथले रस्ते सरळ आणि लांब. कोकणात वळणं आणि घाट तुमचा वेग आपोआप धरून ठेवतात. इथे सुरत-नागपूर हायवेला लागलात की काटा १०० वर कधी गेला ते कळतही नाही. ऊन, वेग आणि भरलेली गाडी हे तिन्ही एकत्र आले की टायरमधला जो काही कच्चेपणा असेल तो तिथेच बाहेर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळा लागला की पंक्चरच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, शेजारपाजारी तुम्हाला एक सल्ला हमखास मिळेल: "उन्हाया शे भाऊ, हवा कमीच राहू द्या." सांगणारा आपुलकीनेच सांगतो. इथली माणसं खरंच जीव लावतात. पण हा सल्ला ऐकू नका. तो धोकादायक आहे.

कारण असं. टायरमध्ये हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू दबते आणि परत उठते. या दबण्या-उठण्यातून रबर आणि आतले धागे तापतात. वेग जितका जास्त, वजन जितकं जास्त, तितकं हे तापणं जास्त. तापत तापत आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मग टायर फुटतो. हायवेवर टायर फुटला की लोक म्हणतात, उन्हाने हवा फुगली. बहुतेक वेळा खरं कारण उलट असतं: हवा कमी होती, म्हणून टायर तापला.

हवा तापली की दाब वाढतो, हे खरंच आहे. पण तो किती वाढतो ते बघा. समजा सकाळी सहाला, हवा २८ अंश असताना, तुम्ही ३३ पीएसआय भरली. दुपारी हायवेवरून तासभर चालवून थांबलात आणि टायरच्या आतली हवा ६० अंशांवर गेली असेल, तर मीटर साधारण ३८ दाखवेल. ही वाढ कंपनीने गृहीत धरलेलीच असते. गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो तो याचसाठी. आता ३८ बघून घाबरून कुणी तिथेच हवा सोडून ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये जेमतेम २८ उरते. मग कमी हवेने टायर आणखी तापतो, पुन्हा कुणीतरी हवा सोडतं. म्हणून गरम टायरची हवा कधीही सोडायची नाही.

थंड टायर म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या वर चाललेली नाही. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आतच उरकावं, कारण नऊ वाजता उन्हात उभ्या गाडीचे टायर आयते गरम झालेले असतात. एका बाजूला ऊन लागत असेल तर त्या बाजूचे दोन टायर जास्त दाब दाखवतात आणि उगाच गोंधळ होतो. किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवर दाबाचा जो मोठा आकडा कोरलेला असतो ती कमाल मर्यादा. तेवढी भरायची नसते. स्वतःचं एक छोटं मीटर घेऊन ठेवा. पंपावरची मीटरं सारखी आदळली जातात आणि दोन पंपांचे आकडे जुळतीलच असं नाही. पंधरा दिवसांतून एकदा आणि लांब निघायच्या आदल्या सकाळी बघितलं तरी पुरतं. वॉल्वची टोपी परत लावायला विसरू नका. इथली धूळ बारीक आहे आणि ती वॉल्वमध्ये जाऊन बसते.

नायट्रोजनबद्दल सगळेच विचारतात. आपली साधी हवाच ७८ टक्के नायट्रोजन आहे. नायट्रोजनमध्ये ओल नसते आणि तो थोडा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. तापल्यावर तोही फुगतो. सोयीने मिळाला तर भरा. नाहीच मिळाला तर साध्या हवेने निर्धास्त भरून घ्या. नायट्रोजनवाला सापडेपर्यंत कमी हवेवर गाडी पळवणं मात्र नको.

शाळा सुटल्या की तुम्ही गावी निघणार. मागच्या सीटवर तिघं, डिकीत बॅगा, बिबड्यांचे डबे, केळीचे वेफर्स, वर एखादी गोणी. दाराच्या चौकटीवरचा तो तक्ता नीट वाचलात तर दिसेल की पूर्ण भरलेल्या गाडीसाठी, विशेषतः मागच्या टायरांसाठी, बऱ्याचदा वेगळा आणि जास्त आकडा दिलेला असतो. निघताना तो वापरायचा. पहाटे पाचला निघा. दुपारी बारा ते चार या वेळात टायर जुने असतील तर रस्त्यावर राहूच नका. दर दीड-दोन तासांनी थांबाल तेव्हा चारही टायरांवरून नजर फिरवा. एखादा इतरांपेक्षा जास्त बसलेला दिसला किंवा हात जवळ नेल्यावर जास्त भाजला, तर तिथे काहीतरी बिघडलंय. आणि गाडी इथेच ठेवून रेल्वेने गेलात तर ती सावलीत ठेवा, परत आल्यावर हवा बघितल्याशिवाय हायवेला काढू नका.

टायरचं वय बघायला शिका, हे नवीन लोकांना सहसा माहीत नसतं. बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी फार चालत नसेल तर नक्षी भरपूर दिसते आणि माणूस निश्चिंत राहतो, पण रबर उन्हात सुकत असतं. बाजूवर बारीक भेगांचं जाळं दिसायला लागलं की समजावं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाका. माझं स्वतःचं मत विचाराल तर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला इथे दहापर्यंत थांबूच नये.

नक्षीची कायद्याने ठरलेली किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. नक्षीच्या खाचांत तळाशी आडव्या लहान पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण पावसाळ्याआधीच बदललेला बरा. टायर कसा झिजलाय तेही बघा. मधोमध झिजला तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडांना झिजला तर कमी राहिली, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट गेली. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करून घ्या. आठ-दहा हजार किलोमीटरला टायर मागेपुढे फिरवून घेतले की चारही सारखे झिजतात.

इथल्या रस्त्यांची एक खोड सांगून ठेवतो. गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्यांना साइडपट्टी खचलेली असते. समोरून एसटी किंवा केळीचा ट्रक आला की तुम्हाला खाली उतरावं लागतं. वेगात उतरलात आणि तसेच तिरके वर चढलात, तर डांबराची धार टायरची बाजू कापते. वेग अगदी कमी करा, उतरा, ट्रक जाऊ द्या, मग स्टीअरिंग नीट वळवून सावकाश चढा. पावसाळ्यात ती साइडपट्टी म्हणजे काळी माती. वरून घट्ट दिसते आणि चाक टेकलं की खाली जाते. तेव्हा डांबरावरच थांबून समोरच्याला हात करावा, इथे लोक समजून घेतात. शेतरस्त्यावरून आल्यावर नक्षीत भरलेली काळी माती काडीने काढून मगच हायवेला लागा. ती भरलेली असेल तर पाणी निघायला खाचा उरत नाहीत आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरते.

थंडीत तुम्हाला शेतात भरीत पार्टीचं बोलावणं येईलच. जरूर जा. पण गाडी बांधावरच ठेवा, शेतात घालू नका. कापलेल्या तुरीची धसकटं खिळ्यासारखी टोकदार असतात आणि ती थेट टायरच्या बाजूत घुसतात. बाजूचं पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो. वेड्या बाभळीचा काटा नक्षीत मोडून राहिला तर हवा दोन-तीन दिवस हळूहळू जाते आणि लक्षातही येत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, तो भोक धरून असतो. तसंच हळू चालवत दुकान गाठा. बाजूवर फुगा आलेला दिसला तर आतले धागे तुटलेत. त्या टायरवर हायवेला जायचं नाही, दुसऱ्या गावापर्यंतसुद्धा नाही.

स्टेपनीतली हवा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. बघा. २०२० पासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर कारला स्टेपनी नसली तरी चालते, तेव्हा तुमच्या गाडीत नक्की काय दिलंय ते डिकी उघडून पाहून घ्या. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर ८० च्या वर जायचं नाही.

आणि चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय मारू नका. दोन्ही हातांनी स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा, गाडी आपली आपण मंदावू द्या, मग डावीकडे घ्या. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तोंडी म्हणून घ्यायला लावा.

नवीन टायर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आधी तो चार आकड्यांचा शिक्का दाखवायला सांगा. दोनच बदलणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. ओल्यात मागची चाकं सुटली तर सावरणं जास्त कठीण जातं. जुने-रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर स्वस्त मिळतात, कारला घेऊ नका. पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या. पुढे फुगा आला किंवा थर सुटला तर वॉरंटीसाठी तोच लागतो.