माहितीपट आपल्याला कसा पटवतो, ते कसं उलगडावं

सांगलीत कॉलेजच्या मुलांसोबत मी बरीच वर्षं माहितीपट बघत आले आहे. दरवर्षी कुणीतरी शिकून येतं की विश्लेषण म्हणजे तीन कप्पे : भावना, तर्क आणि बोलणाऱ्याची विश्वासार्हता. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेले हे मार्ग खरेच आहेत, पण दृश्यं त्या कप्प्यांत टाकली की काम झालं, असं मानणं साफ चूक आहे. 'हा माहितीपट तटस्थ आहे का?' हा प्रश्नही सोडून द्या. कॅमेरा कुठं ठेवायचा हे ठरलं, तिथंच बाजू ठरते. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टीने बंदूक वापरणाऱ्या इनुइट लोकांना (उत्तर ध्रुवाजवळचे मूळ रहिवासी) जुन्या पद्धतीने हार्पूनने, म्हणजे फेकायच्या भाल्याने, शिकार करायला लावली. चित्रणासाठी आत उजेड यावा म्हणून इग्लू, म्हणजे त्यांचं बर्फाचं घर, एका बाजूने उघडा ठेवला. हे कळल्यावर 'खोटा आहे' म्हणून तो बाजूला सारू नका. असं करून त्याला आपल्याला काय पटवायचं होतं, ते शोधा.

पहिल्यांदा सलग बघा, वही मिटून. संपल्यावर एकच वाक्य लिहा : 'मला आता काय पटलं आहे?'

दुसऱ्यांदा फक्त दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि थांबत थांबत बघा. वहीत वेळ, चित्र, आवाज, बोलणारा आणि लगेच पुढचं दृश्य, असे पाच रकाने आखा.

आता अवघड भाग. कुणीच न बोललेलं वाक्य शोधायचं आहे.

दुष्काळावरचा एक माहितीपट दाखवून मी वर्गात ठासून सांगितलं होतं, "यात बागायतदारांनी पाणी पळवल्याचा आरोप केलाय." जतकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, असं कोण म्हणालंय?" फिल्म मागे नेली, दोनदा ऐकली. कुणीच म्हणालं नव्हतं. रिकामी घागर घेऊन उभी असलेली बाई होती, मग कट, म्हणजे एक दृश्य तोडून लगेच दुसरं, आणि द्राक्षबागेत टपटपणारं ठिबक. आरोप माझ्या डोक्यात तयार झाला होता आणि मी तो फिल्मच्या नावावर खपवत होते. घागर कुठल्या गावची, बाग कुठल्या तालुक्यातली, दोन्ही चित्रणं एकाच महिन्यातली का, यातलं काहीच फिल्मने सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नाही, कारण उघड आरोपच नव्हता. उघड केलेल्या विधानाला पुरावा मागता येतो. कटमधून आलेलं विधान आपलं आपल्यालाच सुचल्यासारखं वाटतं, म्हणून आपण त्याला पुरावा मागत नाही.

त्यानंतर मी एक पद्धत धरली. ज्या कटपाशी मनात काही हललं, तिथं थांबा आणि दोन दृश्यांच्या मध्ये एक जोडशब्द मोठ्याने म्हणा : 'म्हणून', 'पण', 'तरीही', 'त्याच वेळी'. घागर, *कारण* ठिबक? की घागर, *आणि तिकडे* ठिबक? कोणता शब्द आपोआप तोंडात येतो, ते लिहा. मग त्या शब्दाला आधार देणारी तारीख, जागा, कागद किंवा साक्ष फिल्ममध्ये कुठं आहे का, ते बघा. सापडलं तर तसं लिहा. सापडलं नाही, तर तो सांधा तुम्ही जोडलाय. पण लगेच 'फसवणूक' हा शब्द वापरू नका. सांधा खराही असू शकतो. फिल्मने तो सिद्ध केलेला नाही, एवढंच तुम्हाला ठामपणे म्हणता येतं.

हाच तुकडा आवाज बंद करून बघा, मग पडदा झाकून नुसता ऐका. फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्करने १९५७ च्या 'लेटर फ्रॉम सायबेरिया'त याकुत्स्क शहरातली तीच दृश्यं वेगवेगळ्या निवेदनांसह पुन्हा पुन्हा दाखवली. स्तुतीच्या निवेदनात रस्ता प्रगतीचा वाटतो, टीकेच्या निवेदनात तोच हलाखीचा. सांगलीच्या आयर्विन पुलावरून मोबाइलवर अर्धा मिनिट कृष्णा चित्रित करा आणि त्यावर दोन निवेदनं बोलून बघा. निवेदन चित्राला कसं वळवतं ते हातात येतं. संगीत नेमकं कुठल्या शब्दावर सुरू होतं, तेही टिपा. बहुतेक वेळा आपण काय मानायचं ते तिथंच सांगितलेलं असतं.

आकडा आला, की तो कशाशी ताडलाय ते आधी बघा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फुटांच्या धोका पातळीशी ताडलं, तर बारा फूट जास्त. २००५ च्या पुरात ते ५३ फुटांच्या वर होतं. त्याच्याशी ताडलं, तर फरक चारेक फुटांचा. दोन्ही खरं आहे. पहिली तुलना थरकाप उडवते. दुसरी विचारते, चौदा वर्षांत आपण काय तयारी केली?

बाईट देणाऱ्यांपैकी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्यांपैकी, कुणाला नावपट्टी मिळाली आणि शेवटचा शब्द कुणाचा राहिला, हे रकान्यांतून चटकन दिसतं.

शेवटी, पहिल्यांदा बघून लिहिलेलं ते वाक्य पुन्हा समोर घ्या. ते पटायला कारणीभूत ठरलेले तीन सांधे त्याखाली लिहा आणि प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद टाका. वेळ न टाकलेलं निरीक्षण मी वर्गात स्वीकारत नाही.