मतमोजणीच्या रात्रीची तयारी: साताऱ्यातल्या नव्या स्ट्रिंगरांसाठी (म्हणजे टीव्ही वाहिन्यांच्या स्थानिक बातमीदारांसाठी)

मोजणी सकाळी आठला सुरू होते, पण आपली पाळी आदल्या रात्रीच लागते. पहाटे साडेतीनला गाडी मोजणीच्या गोदामाबाहेर लावायची, पाचला पहिला लाइव्ह, आणि खरा निकाल संध्याकाळी कधीतरी. म्हणजे जिथं चूक अजिबात परवडत नाही ती वेळ तुमच्या जागरणाच्या पंधराव्या-सोळाव्या तासाला येते. खाली जे सांगतोय ते सगळं त्या तासाला डोकं ठिकाणावर राहावं म्हणून.

सगळ्यात आधी पास. निवडणूक आयोगाच्या प्राधिकारपत्रासाठी जिल्हा माहिती कार्यालयात फोटो आणि ओळखपत्राची प्रत वेळेत द्या. कॅमेरामनचं नाव द्यायला विसरू नका. बहुतेक जण आपलंच देऊन मोकळे होतात. हॉलमध्ये मोबाइल चालत नाही, ट्रायपॉड चालत नाही. अधिकारी थोड्या थोड्या पत्रकारांना आत नेतात, हातातल्या कॅमेऱ्यानं शॉट घ्यायचे आणि बाहेर यायचं. मशीनवरच्या आकड्यावर झूम मारायचा नाही. एवढंच.

मतदानाची रात्र मात्र हलक्यात घेऊ नका. सहाला दार बंद होतं तेव्हा आत जेवढे उभे असतात त्या सगळ्यांना मतदान करता येतं. त्यांना चिठ्ठ्या वाटायला रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात होते, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. हा शॉट सुंदर मिळतो आणि कुणी घेत नाही. त्यानंतर पेट्या यायला लागतात (मशीन आलं तरी आपण पेट्याच म्हणतो). तापोळ्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात पथकं लाँचनं जातात आणि लाँचनंच परततात, त्यामुळं त्यांची वाट बघण्यात रात्र जाते. आणि तोवर मतदानाचा टक्का हलत असतो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानात राज्याचा संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२, रात्री साडेअकराचा ६५.०२, आणि शेवटचा ६६.०५. पाचचा आकडा देऊन जो झोपला, त्याला पुढं कित्येक दिवस लोक विचारत होते की बाकीची मतं आली कुठून. म्हणून टक्का सांगताना वेळ जोडूनच सांगा, आणि स्ट्राँगरूमला (मशीन ठेवतात त्या खोलीला) सील लागेपर्यंत जागेवर राहा.

आता सामान. बॅकपॅकमध्ये (मोबाइल नेटवर्कवरून लाइव्ह पाठवणाऱ्या यंत्रात) वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घाला, कारण नऊनंतर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते बाहेर जमले की नेटवर्क बसतं. रात्रीच फिरून रेंज कुठं आहे ते बघून ठेवा. गेटपासून शे-दोनशे पावलं लांब सरकलं तरी फरक पडतो. बॅटऱ्या चार्ज करून त्यांच्यावर चिकटपट्टीनं नंबर टाका, पहाटे भरलेली कुठली आणि रिकामी कुठली हे ओळखू येत नाही. कानातल्या इअरपीसचा जादा रबर खिशात. बॅकपॅक गेलाच तर फोनो (फोनवरून नुसत्या आवाजात बातमी) द्यायला साधा कीपॅडचा फोन, त्याची बॅटरी दोन दिवस टिकते. रेनकव्हर नोव्हेंबरातसुद्धा. १८ ऑक्टोबर २०१९ ला शरद पवार इथं भर पावसात बोलले, तेव्हा कॅमेरा झाकून गाडीत बसलेल्याच्या हाती काय लागलं असतं?

वहीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आदल्या संध्याकाळीच रेघा मारून ठेवायच्या: फेरी, पहिला, दुसरा, तिसरा, फरक, वेळ, आणि शेवटचा रकाना ‘कुणी सांगितलं’. एका विधानसभा मतदारसंघाच्या हॉलमध्ये साधारण चौदा टेबलं असतात. बूथची संख्या चौदानं भागा, फेऱ्या निघतात: ३३० बूथ असतील तर चोवीस. मग एका फेरीला लागणारा वेळ बघितला की शेवट कधी येणार हे डेस्कला (वाहिनीच्या ऑफिसातल्या बातमी विभागाला) सकाळी दहालाच सांगता येतं. तिसऱ्याचा रकाना कधीच गाळू नका. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या मोजणीत साताऱ्यात सुरुवातीच्या फेऱ्यांत शशिकांत शिंदे पुढं होते, नंतर चित्र फिरलं आणि उदयनराजे ३२,७७१ मतांनी निवडून आले. पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला सदतीस हजारांवर मतं पडली होती, आणि शिंदेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, म्हणजे मिळतंजुळतंच. ज्यांच्या वहीत तिसरा रकाना होता त्यांना ही बातमी दुपारीच दिसत होती.

‘कुणी सांगितलं’ हा रकाना मी ठेचकाळून शिकलोय. एका मोजणीत दोन फेऱ्या बाकी असताना मी लाइव्हमध्ये ‘विजयी’ म्हणून बसलो. आकडा एका काउंटिंग एजंटानं (मोजणीला बसलेल्या उमेदवाराच्या माणसानं) दिला होता, तोही पानाची पिंक टाकता टाकता. उमेदवार आला निवडून, म्हणून वाचलो. पण त्याच्या चुलत्यानं माझ्या भरवशावर तासभर आधीच फटाके लावले. तेव्हापासून ‘आघाडी’ हा शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. मशीन संपली तरी थांबा. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर मशीनमधून छापून पडणाऱ्या) मोजायच्या असतात, मग जाहीर होतं, आणि नमुना २२ मधलं प्रमाणपत्र उमेदवाराच्या हातात पडतं. तो शॉट मिळाला की मनसोक्त ‘विजयी’ म्हणा.

मुंबईचा डेस्क काय विचारेल याचीही तयारी ठेवा. लोकसभेला ‘माणची लीड दे’ असा फोन हमखास येतो. माण आणि फलटण माढा मतदारसंघात आहेत, त्यांची मोजणी इथं होत नाही, हे दर वेळी न चिडता सांगायचं. विधानसभेला उलट: आठ मतदारसंघांची मोजणी एकाच वेळी ठिकठिकाणी चालते, तुम्ही एकटे. तालुक्यातल्या पेपरवाल्या मित्रांशी आधीच बोलून ठेवा, आकड्याला आकडा द्यायचा.

खाणं हलकं. पहाटे मिसळ हाणली की अकराला डोळे मिटतात. शेंगदाणे, केळी, पाणी. चहा तीन तासांनी एकच. दुपारी बारा ते दोनच्या मधे कॅमेरामन आणि तुम्ही आलटून पालटून वीस-वीस मिनिटं गाडीत पडा, गजर लावून.

आणि गुलाल. मिरवणूक जलमंदिराकडं (उदयनराजेंच्या वाड्याकडं) जाणार की पोवई नाक्यावर थांबणार ते आधी विचारून उंच जागा धरा, जेसीबीच्या बकेटखाली उभं राहू नका. लेन्सला फिल्टर लावा, बाकी कॅमेऱ्याला पॉलिथिन. भुकटी ब्लोअरनंच उडवायची. ओल्या फडक्यानं पुसली की तिचा चिखल होऊन बटणांच्या फटीत बसतो. बूम माइकचा स्पंज काढून रात्रीच धुवा. माझ्याकडचा एक अजून गुलाबी आहे.