गावाकडची हद्द बघायला निघण्याआधी

वडिलोपार्जित जमीन नेमकी कुठून कुठवर आहे हे बघायला जायचं, तर निम्मं काम निघण्याआधी घरीच करावं लागतं. ते न करता नुसता मोबाइल घेऊन रानात उभं राहिलं की निळा ठिपका दिसतो, पण तो कुणाच्या वावरात आहे ते काही कळत नाही.

आधी कागद. महाभूमी या सरकारी वेबसाइटवर सातबारा नुसता बघायचा तर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. सहीचाच काढा, पुढे अर्जाला लागेल. जोडीला आठ-अ, म्हणजे एका खात्यावरच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढा. आजोबांच्या खात्यावर त्याच गावात आणखी एखादा तुकडा निघतो आणि तो भलताच कुणीतरी कसत असतो, असं बऱ्याचदा होतं. क्षेत्र नीट वाचा. ०.८०.९४ असं लिहिलं असेल तर ते शून्य हेक्टर, ८० आर, ९४ चौरस मीटर, म्हणजे दोन एकर. गावातली माणसं गुंठ्यांत बोलतील: ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक आर म्हणजे ढोबळमानाने एक गुंठाच. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, तो एकूण क्षेत्रात धरा, नाहीतर ओढ्याकाठचा भाग आपला नाहीच असं समजून परत याल.

नंबरांचा घोळ घरीच सोडवा. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, सातबाऱ्यावर गट नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोकणात बऱ्याच गावांत अजून सर्व्हे आणि हिस्सा नंबरच चालतात. दोन्ही नंबर वहीत लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना जुना नंबर आठवतो आणि वेबसाइट नवा मागते.

मग नकाशा. महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की चौकट उमटते आणि शेजारचे गटही दिसतात. शेजारच्या गटांचे नंबर टिपून त्यांचेही सातबारे बघून घ्या, म्हणजे बांधाला बांध कुणाचा लागतो ते निघण्याआधीच कळेल. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका गटात चार चुलत भावांची नावं असतील आणि पोटहिस्सा, म्हणजे गटातला ज्याचा त्याचा वाटा, मोजून नोंदवलेला नसेल, तर नकाशात एकच मोठी चौकट दिसते. आतला बांध तोंडी वाटणीत घातलेला असतो. तो जगातल्या कुठल्याही ॲपवर नाही. तो काकांच्या तोंडून आणि असलंच तर वाटणीपत्रातूनच कळायचा. तुमचं प्रकरण भावकीचं असेल तर मोबाइलवर फार वेळ घालवू नका, आधी काकांना फोन करा.

अमेरिकेत शिकारीला जाणारे ऑनएक्ससारखं ॲप उघडून कुणाचं रान कुठे संपतं ते बघत चालतात, कारण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीची गोष्ट संपवली, पण स्क्रीनवरची रेघ हीच खरी हद्द, असं मानायचा मोह इथेही तेवढाच आहे. तिकडच्या ॲपमधल्या रेघाही काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, दप्तरातून उचललेल्या असतात, कुणी त्यासाठी जागेवर जाऊन मोजणी केलेली नसते. आपल्या गावनकाशांचं मूळ तर साखळीनं मोजलेल्या कागदात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि ३३ बाय ३३ चा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. नकाशा १:१०००० प्रमाणाचा असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते. रेघेच्या जाडीतच अख्खा बांध आणि बैलगाडीची वाट मावली!

हा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा असेल तर कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे. नकाशाचं चित्र अर्धपारदर्शक करून वर ठेवा आणि शिवरस्ता, जुनं देऊळ, गावविहीर अशा न हलणाऱ्या खुणांवर जुळवा. ओढ्यावर जुळवू नका, ओढा जागा बदलतो. चित्र एप्रिल-मे महिन्यातलं निवडा. रानं मोकळी असतात तेव्हा बांध काडीसारखे स्वच्छ दिसतात. पावसाळ्यातल्या चित्रात सगळंच हिरवं. मागच्या वर्षांची चित्रंही बघता येतात आणि शेजाऱ्यानं बांध कोरला का हे शोधायला ती भारी उपयोगी पडतात, फक्त आरोप करण्याआधी विहीर दोन्ही वर्षी त्याच जागी दिसते का ते बघा. बऱ्याचदा बांध नाही, चित्रच सरकलेलं असतं. झालं की गटाची चौकट आखून तिची केएमएल फाइल (नकाशावरच्या रेघा साठवणारी) मोबाइलवर पाठवा.

मोबाइलवर ही फाइल उघडायला गुगल अर्थ चालेल, एसडब्ल्यू मॅप्सही चांगलं. गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा उतरवून निर्धास्त राहू नका, त्यात उपग्रहाचं चित्र येत नाही. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, पण पहिल्यांदा जागा पकडायला वेळ खातं, म्हणून तालुक्याच्या गावातच ॲप एकदा उघडून घ्या. पॉवर बँक, टोपी, बूट, काठी, पाणी. आणि चौकटीसकट नकाशाची मोठी रंगीत प्रिंट. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि कागद पसरला की पोलीस पाटलांपासून गुराख्यापर्यंत सगळे बोट ठेवून बोलायला लागतात.

जागेवर आधी कोपरे शोधा. घायपाताच्या बेटात, बाभळीच्या बुडाशी, कुठे निम्मा मातीत गेलेला घडीव दगड सापडला तर तो उपटू नका, झाडून घ्या, फोटो काढा. मग मोबाइल त्याच्यावर ठेवून दोन-चार मिनिटं थांबा. तुम्ही हलत नसता, तरी ठिपका बांधाच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारत असतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक पाचेक मीटरची धरून चालायचं, झाडीत त्याहून जास्त. शंभर मीटर लांबीच्या बांधावर पाच मीटरची चूक म्हणजे ५०० चौरस मीटर, जवळजवळ पाच गुंठे. एवढ्यावर गावात कोर्टकचेऱ्या होतात, तेव्हा ठिपका दाखवून शेजाऱ्याला ‘तुम्ही आमच्यात आलात’ असं म्हणू नका. शक्यतो त्याला आधी निरोप द्या आणि बरोबर घेऊनच फिरा. ‘दादा, तुमचा-आमचा बांध कुठला धरता?’ एवढंच विचारा आणि तो चालेल तसं त्याच्या मागून मोबाइलवर वाटेची नोंद चालू ठेवा. त्याची वाट आणि तुमची चौकट यांत कुठे फरक पडतो ते घरी येऊन निवांत बघता येतं.

फरक दहा-पंधरा मीटरचा असला तर सरकारच्या ई-मोजणी वेबसाइटवर हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. उपअधीक्षक भूमी अभिलेखांचा भूकरमापक रोव्हर, म्हणजे मोजणीचं जीपीएस यंत्र, घेऊन येतो. रोव्हरची अचूकता सेंटिमीटरांत, फोनशी तुलनाच नाही. भूकरमापकाला टिपण, फाळणी, आकारफोड असं मोजणीचं जुनं दप्तरही बघता येतं. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, म्हणून अर्जात त्यांची नावं-पत्ते बरोबर द्या. घरी काढलेले शेजारचे सातबारे इथे कामी येतात. मोजणीच्या दिवशी उभं पीक नको. दगड, चुना आणि दोन मजूर तयार ठेवा, कारण खूण दाखवणं भूकरमापकाचं काम, ती रोवणं तुमचं. क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात आली आणि तिच्यावर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश असतील, तर ते मोबाइलमध्ये भरा आणि घरी आखलेली जुनी चौकट पुसून टाका.